सतरा नंबर

दाखला सापडला आईच्या विडी कार्डाच्या घडीत,
तंबाखूचा वास धरून,
घडीघडीवर झिजून चार तुकडे व्हायला आलेला.
नाव : भूलक्ष्मी नरसय्या दासरी.
जन्म : एक जून.
(आमची निम्मी गल्ली एक जूनची.
गुरुजींनी एका दुपारी सगळ्यांना जन्माला घातलं.)
इयत्ता आठवी.
शाळा सोडण्याचे कारण : सतत गैरहजर.

गैरहजर?
मी तर रोज हजर होते,
साखर पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत
सुपापुढं मांडी घालून.
पानं भिजवायला हजर, शिरा काढायला हजर,
आईच्या कार्डावरल्या हजारातल्या
चारशे माझ्या.
तो हजेरीपट कुणी ठेवला नाही.

कन्ना चौकातल्या नेट कॅफेत पोरगं म्हणालं,
मावशी, आधारला बोट ठेवा.
ठेवलं. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवलं. लाल.
दुसरं बोट, तिसरं. लाल, लाल.
सत्तावीस वर्षं कात्री आणि पान,
रेषा कुठं उरल्यात बाळा,
त्या गेल्या धूर होऊन
कुणाकुणाच्या छातीत.
शेवटी डोळ्यांवर काम भागलं.

प्रिंट घेऊन शाळेत गेले तर
हत्तुरे क्लार्क म्हणाले,
सतरा नंबरवर सासरचं नाव चालत नाही,
बोर्डाला तुम्ही अजून दासरीच.
बावीस वर्षं गड्डम वहिनी ऐकलेल्या कानाला
कसं की झालं,
बाजारात कुणी मागनं जुन्या नावानं हाक मारावी तसं.
धीर करून विचारलं,
सर, ते कारण तेवढं बदलता येईल का?
चष्म्यावरून बघितलं त्यांनी.
दाखल्यात खाडाखोड नाही चालत, बाई.
फी भरा.
आठवड्याची मजुरी मोजून ठेवली टेबलावर.

रात्री रेवती शिकवते. शेजारचा लूम थांबला की
तिचा आवाज नीट ऐकू येतो.
हजारात छाट किती निघेल
हे मी नुसत्या नजरेनं सांगते,
पण हा क्ष कोण, कुठल्या गल्लीचा,
दर गणितात नवीन किंमत सांगतो,
माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

व्याकरणात मात्र मन लागलं.
अम्मा, क्रियापद कुणाच्या मागं जातं बघ.
भूलक्ष्मी विड्या वळते. गेलं भूलक्ष्मीच्या मागं. कर्तरी.
अंबादास चहा पितो. कर्तरी.
(पितोच तो, त्यात काय शिकायचं.)
मग मी माझं वाक्य पुढं केलं :
मी शाळा सोडली.
तिनं बोट ठेवलं.
सोडली. शाळेच्या मागं गेलं.
तू बाई अस नाहीतर बाप्या, सोडलीच येणार.
कर्त्याचं इथं चालत नाही, अम्मा.
कर्मणी.

सूप मांडीवर तसंच राहिलं.
एवढी वर्षं जे कुणाला सांगता आलं नाही
ते छापून तयार होतं,
खाली दोन सोपी उदाहरणं,
आणि गृहपाठ.

ब्रँचचा कारकून हसला,
पास होऊन काय कलेक्टर होणार?
म्हटलं, आधी माल मोजून घ्या.
घरी येऊन वहीत लिहिलं : मी परीक्षा देते.
तपासलं. देते. माझ्या मागं. कर्तरी.
खाली दोन रेघा ओढल्या, पट्टी लावून.

मग ध्यानात आलं,
मार्च संपला की म्हणावं लागेल, मी परीक्षा दिली.
पुन्हा कर्मणी.
रेवती हसून हसून आडवी झाली.

असू दे.
अजून फेब्रुवारी आहे,
पानं भिजत पडलीत,
आणि तो क्ष
सापडायचाय.